व्हॅनमधला वेगळा संसार

कंग्राळीच्या रविराजने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती पार पडेपर्यंत गावात कुणाला झोप लागत नाही. सुगी आटोपली तसं त्याने भर अंगणात जाहीर केलं, "आठ दिवस आमी दोघं गाडीत ऱ्हाणार. गाडीतच जेवायचं, गाडीतच झोपायचं आणि रोज एक डोंगर चढायचा. कुठल्या पावण्याच्या दारात पाऊल टाकायचं न्हाय!" त्याच्या कारखान्यातल्या साहेबाने म्हणे असं केलं होतं आणि फोटोही दाखवले होते.

थोरला भाऊ भरमू ओट्यावर ऊस सोलत बसला होता. त्याने हसून मान डोलावली. आईवडील लवकर गेल्यावर रविराजला त्यानेच वाढवलं होतं, त्यामुळे धाकट्याची खुळं त्याला गोडच वाटायची.

खरं म्हणजे हे खूळ रविराजच्या बायकोचं, मंगलचं होतं. लग्न होऊन आली तशी ती आणि तिची थोरली जाऊ मालुबाई, दोघी मिळून खटल्याच्या घराचा गाडा ओढत होत्या. मंगल पावण्यांकडे गेली तरी दोन घोट चहा घेऊन हात धुवायचे आणि भाकऱ्या थापायला बसायचं. आठ दिवस कुणाच्याही चुलीपुढे बसायचं नाही आणि एकदा तरी डोंगरावर निवांत बसून दिवस उगवताना बघायचा, एवढंच तिला हवं होतं. घरी दिवस उगवायचा तेव्हा ती म्हशीच्या कासेखाली असायची.

भाजी मार्केटला जाणाऱ्या व्हॅनच्या मागच्या सीटा निघाल्या. तिथे फळी, फळीवर गादी आणि खिडक्यांना मंगलच्या जुन्या साडीचे पडदे आले. कोथिंबिरीचा वास तेवढा शेवटपर्यंत गेला नाही.

पहिला मान राजहंसगडाचा. गड झकास झाला. उतरल्यावर पायथ्याच्या गावात गाडी लावली आणि रविराज कळशी घेऊन एका घरी पाणी मागायला गेला. आता आपल्या भागात 'गाव कोणचं' विचारल्याशिवाय कुणी पाणी देत नाही आणि 'पावणं कुठलं' विचारल्याशिवाय कळशी परत देत नाही. कळशी भरेपर्यंत घरधनीण नागुबाई ही मंगलच्या आईची मावसबहीण निघाली!

नागुबाई गाडी बघायला आली. तिने पडदा सारून गादी बघितली, स्टोव्ह बघितला, दोरीवर वाळत घातलेला रविराजचा बनियन बघितला आणि डोळ्यांना पदर लावला. "असू दे गं बाई. ह्येबी दिवस जात्यात," म्हणाली आणि घरातून अर्ध्या पोत्याएवढं तांदळाचं चुंगडं आणून गाडीत ठेवलं. मंगलला वाटलं, बाई मायाळू आहे. रविराजला वाटलं, आपल्याला ओळखतात लोक.

दुसऱ्या दिवशी ते हत्तरगीजवळच्या वल्लभगडावर गेले. खाली रस्त्यालगत भावकूची चहाची टपरी होती. भरमूच्या लग्नात हा भावकू वऱ्हाडी म्हणून आलेला. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, रविराजला बाजूला घेऊन पाठीवरून हात फिरवला आणि जाताना एक भलीमोठी पितळी परात गाडीत सरकवली. पुढच्या गावात कुणी ज्वारी दिली, कुणी चटणी, कुणी दोन वाकळा. गाडी भरत चालली तशी गादी कमी होत गेली. दोघं आता बसल्या बसल्या, तांदळाच्या चुंगड्यावर पाय टाकून झोपू लागले.

संकेश्वरात मंगलची चुलत आत्या मनुबाई नागुबाईचा फोन आल्यापासून वाट अडवून उभीच होती. तिने फडक्यात बांधलेला लोखंडी तवा मंगलच्या हातात दिला. "वेगळी चूल मांडताना तवा माहेरच्या माणसानं द्यावा," ती म्हणाली. "पर एक खोली तरी बघायची हुतीस गं. गाडीत कसला संसार?"

मंगलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तांदूळ, परात, तवा! एकत्र घरातून धाकटा वेगळा निघाला की पावणेरावळे हेच सगळं घेऊन येतात. राजहंसगडापासून निपाणीपर्यंत सगळ्या पावण्यांनी मिळून त्यांची वाटणी करून टाकली होती, आणि तीसुद्धा अशी की भरमूने धाकट्याला नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलंय.

रविराजने खुलासा करायला घेतला आणि बट्ट्याबोळ केला. आमचं काही भांडण नाही, अण्णा देवमाणूस आहे, असं तो गळा काढून सांगू लागला. तो जितकं भावाचं कौतुक करी तितक्या लोकांच्या माना हलत. इतकं होऊनही थोरल्याला वाईट बोलत नाही, पोरगं गुणाचं आहे, असं ठरलं आणि वर गुळाची ढेप मिळाली.

तवंदी घाटाच्या पायथ्याशी गाडी लावली तेव्हा मंगलने जेवण तसंच झाकून ठेवलं. हे कंग्राळीला कळलं तर भरमूअण्णांना काय वाटेल? रविराज फोन लावत होता आणि तिकडे कुणी उचलत नव्हतं. उद्या पहाटेच माघारी फिरायचं, असं दोघांनी ठरवलं. डोंगरावरचा दिवस राहिला तर राहिला. असं ती म्हणाली खरी, पण तिला फार वाईट वाटलं.

दिवस मावळायला घाटातून रविराजचीच, घरी ठेवलेली मोटरसायकल आली. वाटेत पावण्यांना विचारत आलेला भरमू उतरला, मागून मालुबाई उतरली. भरमू धाकट्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझं काय चुकलं रं?" तो म्हणाला.

रविराजला रडूच फुटलं. "कायबी न्हाय रं अण्णा. आमी डोंगार बघाय आलतो."

भरमूने गाडीत वाकून बघितलं. "डोंगार बघाय परात कशाला लागती?"

मग मंगलने नागुबाईच्या कळशीपासून सगळं सांगितलं. आधी मालुबाई हसली. मग भरमू हसला आणि हसता हसता डोळे पुसत राहिला. घरी शेजारचा मष्णू सकाळपर्यंतचीच धार काढणार होता, त्यामुळे उद्या संध्याकाळच्या धारेला परतायचंच होतं. मालुबाई जरा पाठ टेकते म्हणून गाडीत शिरली आणि वाकळांच्या ढिगावर घोरू लागली.

पहाटे मंगलने तिला उठवलं. आता आलोच आहोत तर बघून जाऊ, असं म्हणून दोघी जावा डोंगरावर जाऊन बसल्या. खाली तंबाखूची शेतं धुक्यात होती. दिवस वर आला तेव्हा त्यांना कुणी हाक मारली नाही, कुणी चहा मागितला नाही. मंगलचं मन भरून आलं.

मालुबाई म्हणाली, "मी बी कवा असं बघितलं न्हाय गं."

मंगलने तिच्याकडे पाहिलं. पुढे काय येणार ते तिला कळलं.

"ऱ्हायलेलं दिवस गाडीत आमी काढू का? म्हशीकडं कोणतरी पायजेच की."

त्या तोंडाकडे बघून नाही म्हणणं मंगलला जमलं नाही. तिने कनवटीची किल्ली काढून दिली.

भरमूला पाय पसरून झोपायची सवय. त्याने परात, तवा, चुंगडं, वाकळा, ढेप असं सगळं बाहेर काढलं आणि रविराजच्या मोटरसायकलला करकचून बांधलं. उरलेल्या जागेत मंगल कशीबशी बसली. व्हॅन पडदे उडवत निपाणीकडे गेली आणि हे दोघं धार काढायला कंग्राळीच्या वाटेला लागले.

हत्तरगीला भावकूने धावत येऊन मोटरसायकल थांबवली. दोघांना बाकड्यावर बसवलं, चहा दिला, बांधलेल्या संसाराकडे बराच वेळ बघितलं.

"गाडीबी काढून घेतली व्हय रं थोरल्यानं?"

रविराज तोंड उघडणार एवढ्यात मंगलने त्याचा पाय दाबला. भावकू सुस्कारा टाकून आत गेला आणि तांब्याची घागर घेऊन बाहेर आला. मंगलने चहा संपवला आणि परातीवर घागर कशी बांधता येईल ते बघू लागली.