सहा घोड्यांची हवा

मुलुंडपासून वांद्र्यापर्यंत हवेबद्दल माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. बारा वर्षं मी पवईच्या एका कंपनीत ऑफिसांच्या एसीचे डक्ट आखतोय. हवा कुठे वळते, कुठे अडते, कुठे रुसून बसते, हे मला नुसत्या कागदावर दिसतं. तेव्हा एका स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला थोडी जास्त हवा पाजणं म्हणजे माझ्या लेखी बाळाला ग्राइपवॉटर पाजण्यापैकी काम होतं.

शाळेत विज्ञानाची प्रयोगवही लिहायचो, तसंच हे लिहितोय. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. त्या वहीत भावनेसाठी रकाना नसतो, म्हणून ती मला आवडते.

उद्देश

माझा कॉलेजातला मित्र केतन याच्याकडे दोन दारांची, लाल रंगाची, चौदा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार आहे. तिच्या इंजिनाला हवा पुरवणारा कंपनीचा काळा डबा काढायचा. त्या जागी मी स्वतः केलेला अॅल्युमिनियमचा पाइप आणि मोठा उघडा फिल्टर बसवायचा. त्यातून सहा घोडे जास्त मिळवायचे. घोडे म्हणजे हॉर्सपॉवर. गाड्यांच्या धंद्यात सगळे घोडेच म्हणतात.

सहाच का? कारण सहा हा आकडा माझ्या बायकोने ठरवला होता.

दर्शना गणित शिकवते. नोकरी सोडून नाहूरला एका गाळ्यात गाड्यांचे इंटेक, म्हणजे हवा घेणारे असलेच पाइप, बनवायचे, हे माझं स्वप्न तिला मी सहा महिने ऐकवत होतो. केतनच्या गाडीवाल्यांच्या क्लबात अशा अकरा गाड्या होत्या आणि आकडा आला तर अकराही माझ्याकडे आणतो, असं त्याने कबूल केलं होतं. दर्शनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सहा घोडे कागदावर दाखव, त्याच दिवशी राजीनामा दे. पाच आले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी राजीनामा लिहून ठेवला. साहेबांना शुक्रवारीच सांगून आलो, की सोमवारी एक महत्त्वाचं बोलायचं आहे. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ते त्यांना शोभून दिसलं आणि मलाही.

साहित्य

पाइप एक. फिल्टर एक, आतून तेल लावलेल्या सुती जाळीचा. फिल्टरला इंजिनाची धग लागू नये म्हणून त्याच्याभोवती पत्र्याची पेटी. तिला समोरून हवेसाठी फटी आणि वर आठ स्क्रूंचं झाकण. केतनची गाडी. वडील एक.

वडील साहित्यात मोडत नाहीत. पण ते खुर्ची घेऊन आले आणि जवळ बसले, त्याला मी काय करणार?

कृती

शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या आवारात मी बॉनेट उघडून कामाला लागलो. शेजारची इमारत पाडणं चालू आहे. महिनाभर सगळ्या मुलुंडला पावडर लावल्यासारखं दिसतंय.

माझे वडील, गुणाजी, मूळचे मालवणकडचे. तरुणपणी परळच्या मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते, जिथे कापूस पिंजला जातो. संप झाला, मिल गेली, मग त्यांनी कुठे वॉचमन, कुठे शिपाई असं करून आम्हाला वाढवलं. माझ्या कामाबद्दल त्यांनी आजवर एकच प्रश्न विचारला होता, की डक्टाच्या आत उंदीर जातात का. जातात, असं मी सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं होतं.

त्या दिवशी ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही हवा खयसून घेता?"

मी फिल्टरवर हात ठेवून दाखवलं. इथून.

त्यांनी बोटांनी फिल्टरची घडी चाचपली, बोटं नाकाशी नेली. कापूस आहे म्हणाले. आणि मग, जरा वेळाने, "तोंड असा उघडाच?"

मी त्यांना अर्धा तास समजावलं. उघडं आहे म्हणूनच ताकद मिळणार, सुती जाळी धूळ धरते, जगभर हेच वापरतात. त्यांनी मान डोलावली. डॉक्टर बोलत असताना ते अशीच मान डोलावतात आणि नंतर गोळ्या खिडकीत ठेवून देतात. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

चहा प्यायला मी वर गेलो. वीस मिनिटांनी खाली आलो, तर पेटीचं झाकण लागलेलं होतं. आठही स्क्रू आवळलेले, एकाची खाच इकडची तिकडे नाही. बाबा खुर्चीवर बसून हात पुसत होते.

वाचकहो, छत्तीस वर्षांत ह्या माणसाने माझ्या कामाला पहिल्यांदा हात लावला होता. इंजिनिअर म्हणून मी तेव्हाच झाकण उघडून बघायला हवं होतं. मुलगा म्हणून उघडवेना.

रविवारी सकाळी निघताना बॉनेट उघडं होतं आणि बाबा तांब्या घेऊन खाली उतरले. पेटीच्या फटींवर त्यांनी सावकाश पाणी सोडलं. चांगल्या कामाला निघालोय, गाडीवरून पाणी ओवाळतायत, असं मी समजलो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि तांब्यात उरलेलं पाणीही ओतून टाकलं.

निरीक्षण १

घाटकोपरला चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचं वर्कशॉप आहे. तिथे गाडीची चाकं रोलरवर चढवून बांधतात, गाडी जागच्या जागी पळवतात आणि ताकदीचा आकडा पडद्यावर येतो. चंद्रप्रकाश तो खडूने फळ्यावरही लिहितो. पडद्यावर लोकांचा विश्वास बसत नाही म्हणतो.

जुन्या डब्यासकट गाडीची चाचणी आदल्या आठवड्यात झाली होती. फळ्यावर एका कोपऱ्यात आकडा होता: १४२.

केतनने क्लबातले सात जण बोलावले होते. सगळ्यांनी कानात बोटं घातली. गाडीने आवाज केला. आवाज फार भारदस्त होता.

चंद्रप्रकाशने फळ्यावर लिहिलं: १३१.

मी म्हटलं, खडू बदला. त्याने खरंच बदलला आणि तोच आकडा पुन्हा लिहिला.

निरीक्षण २

मी म्हटलं, खोलीत उकाडा आहे. दोन पंखे समोर लावले. १२९.

मी म्हटलं, तुमचा रोलर घासलाय. चंद्रप्रकाश शांत माणूस आहे. तो म्हणाला, "साहेब, रोलरवर काल एक रिक्षा चढवली होती. तिनेपण तक्रार केली नाही."

सातांपैकी दोघे वडापाव आणायला गेले ते परत आलेच नाहीत.

दर्शनाचा मेसेज आला: किती? मी लिहिलं, मोजतोय. तिने लिहिलं, अजून? गणिताच्या बाईंचं एका शब्दापुढचं प्रश्नचिन्ह काय करू शकतं हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा.

निरीक्षण ३

बॉनेट काढून भिंतीला टेकवलं. पाइपाच्या क्लिपा सोडून पुन्हा बसवल्या. प्लग बदलले. केतनला मी चार लोकांसमोर विचारलं, की तू पेट्रोल भरतोस की उसाचा रस. तो माझ्या लग्नात वऱ्हाडाबरोबर नाचलेला माणूस आहे. तो गाडीत जाऊन बसला आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

१२८. आणि ह्या वेळी इंजिनाच्या बाजूने वाफ आली.

पांढरी, ओली वाफ. ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवल्यावर येतो तसा वास. मी वाकून बघितलं, हुंगलं आणि बारा वर्षांच्या अनुभवाने निदान केलं. इंजिनात पाणी शिरतंय. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात पाणी अडवणारी पट्टी, गेलं.

केतन एका जुन्या टायरवर बसला. त्याने चेहऱ्यावर हात घेतले. ही गाडी त्याने लग्न लांबवून घेतली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की अशी वेळ प्रत्येक इंजिनावर येते. चंद्रप्रकाशने टोइंगवाल्याला फोन लावला. उरलेले पाच जण मयतीला आल्यासारखे हात पुढे बांधून उभे राहिले, त्यातल्या एकाने टोपी काढली.

टोइंगवाला येईपर्यंत चंद्रप्रकाश गाडीभोवती फिरत होता. मग त्याने पाण्याची टाकी उघडून बघितली. पाणी काठोकाठ होतं. त्याने पेटीवर तळहात ठेवला.

"वाफ इंजिनातून नाही," तो म्हणाला. "ह्या डब्यातून येतेय. आत काय आहे?"

फिल्टर आहे, मी म्हटलं. फक्त फिल्टर.

आठ स्क्रू सोडायला मला जितका वेळ लागला, तितका माझा सगळा अभ्यासक्रम पुरा करायला लागला नव्हता.

साहित्य (राहिलेलं)

पंचा एक. निळ्या काठाचा, जुना, चौपदरी. ओला. फिल्टरवर घट्ट गुंडाळून मागे गाठ मारलेली. ती गाठ मी रोज सकाळी बघतो. बाबा आंघोळीला जाताना कमरेला तीच मारतात.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मी गाठ सोडली. पंच्याच्या आतल्या बाजूला फिल्टर कोरा होता. बाहेरचा पदर मात्र मुलुंड ते घाटकोपर एवढ्याच प्रवासात करडा झाला होता, आणि त्याच्यावर सिमेंटचा एक थर ओल्या पिठासारखा बसला होता.

चंद्रप्रकाशने टोइंगवाल्याला परत पाठवलं. पंचा न बांधता गाडी पुन्हा पळवली. खडू हातात घेऊन त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं.

१४३.

कंपनीच्या डब्यापेक्षा एक जास्त. एक घोडा. तोही बहुधा शिंगरू असावा.

केतनने मला जवळ घेतलं. गाडी जिवंत आहे याच्या आनंदात तो मला सगळं माफ करत होता. मग हळूच म्हणाला, की जुना डबा परत बसवून दे, भावा. मी दर्शनाला खरा आकडा कळवला. तिने लिहिलं: "एक? बरं. येताना दही आण."

निरीक्षण ४

घरी आलो तेव्हा बाबा दारातच होते. मी काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, "धूळ बसली काय रे कपड्यार?"

मी पंचा दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, करड्या थरावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. सुको कपडो धूळ धरणा नाय, म्हणाले, म्हणून सकाळी पाणी घातलं.

मी चिडायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते बोलले. कार्डिंगात ते बारा जण होते. तोंडावर ओला पंचा बांधून काम करणारे तिघे; बाकीचे नऊ आणि मुकादम त्यांना हसायचे.

"त्या नवांपैकी आता कोण नाय," बाबा म्हणाले आणि खोकले.

हा खोकला मी लहानपणापासून ऐकतोय. सकाळी साडेपाचचा गजर म्हणूनच मी तो वापरला. दहावी त्याच्यावर काढली, इंजिनिअरिंग त्याच्यावर काढलं. पवईतल्या बारा मजल्यांवर कुठल्या खोलीत किती हवा जाते ते मी दशांश चिन्हापर्यंत सांगू शकतो. ह्या माणसाच्या छातीत किती जाते, हे मी कधी मोजलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी केबिनचं दार स्वतः उठून लावलं. चष्मा काढला. काय महत्त्वाचं बोलायचं होतं?

मी म्हटलं, अर्धा दिवस रजा हवी होती.

निरीक्षण ५

छातीच्या डॉक्टरांकडे फुंकायचं यंत्र असतं. नळीत जोर लावून फुंकायचं, पडद्यावर आकडा येतो. शंभर म्हणजे तुमच्या वयाला जेवढा हवा तेवढा श्वास.

तिथल्या सुलक्षणा मॅडमनी बाबांना नळी दिली आणि स्वतः पडद्याकडे बघत बसल्या. बाबांनी डोळे मिटून फुंकलं. चेहरा लाल झाला.

एक्कावन्न.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. मी नळीकडे बघितलं. बाबांनी ती दोन्ही मुठींत धरली होती, आणि मुठींच्या मधून निळा काठ डोकावत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझं निदान पहिल्या फटक्यात बरोबर आलं.

"बाबा, पंचा काढा."

इतक्या लोकांची तोंडं लागलेली नळी, असं पुटपुटत त्यांनी नळीच्या तोंडावरून तो काढला. नळी नवीकोरी होती, हे मॅडमनी सांगून पाहिलं. ते पुन्हा फुंकले.

बावन्न.

मी पडद्याकडे बघत राहिलो. बाबांनी विचारलं, किती. मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पंचो काढल्यार तुझ्या गाडीचो किती झालो?"

एकशे त्रेचाळीस. आधीच्या डब्याला बेचाळीस होता.

"म्हणजे तुझो एक वाढलो, माझो एक वाढलो," ते म्हणाले आणि पंच्याची घडी घालू लागले. त्यांच्या मते हिशोब चोख होता.

अनुमान

औषध लिहून मिळालं. आम्ही चालत परत येत होतो. बाबा दर विजेच्या खांबापाशी थांबत होते, आणि मला पहिल्यांदा कळलं, की ते खांबावरच्या जाहिराती वाचायला थांबत नाहीत. सोसायटीच्या वळणावर शेजारच्या इमारतीची एक भिंत पाडत होते. धुळीचा लोट रस्त्यावर आला.

बाबांनी पंचा उलगडला, दातात धरला आणि मधोमध फाडला. अर्धा स्वतःच्या तोंडाला बांधला. अर्धा माझ्यासमोर धरला.

"बांध."

मी सांगणार होतो, की कोरड्या कापडाचा उपयोग नाही, हे तुम्हीच म्हणालात. पण त्यांनी खिशातून पाण्याची बाटली काढलेलीच होती.

मुलुंडपासून वांद्र्यापर्यंत हवेबद्दल सगळ्यांत जास्त कळणारा माणूस तोंडाला ओला पंचा बांधून निमूटपणे बापाच्या मागून चालू लागला. बाप थांबला, की तोही जाहिराती वाचत होता.