बिनगाडीचे भोयरकाका

आमच्या आर्वीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी सगळ्यात जास्त भांडलेल्या माणसाकडे गाडी नाही. इलेक्ट्रिक नाही, पेट्रोलची नाही, साधी सायकलसुद्धा नाही.

भोयरकाका माझे शेजारी. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. नोकरी सुटली, पण बोली सुटली नाही. जेवण झालं की ताटावर दोनदा टिचकी मारून "डबल बेल" म्हणतात आणि उठतात. लग्नाच्या पंगतीत मागून येऊन "सरका पुढं, मंधात जागा हाय" असं फर्मावतात, आणि लोक मुकाट सरकतात. काकू गेल्यापासून एकटेच असतात. मुलगी सुषमा नागपूरला.

मागे एका कंपनीनं डेपोच्या रस्त्यावर चार्जिंगचं यंत्र बसवलं. हार घातले, फोटो काढले, आणि हार वाळायच्या आत यंत्र बंद पडलं. गावानं फारसं मनावर घेतलं नाही. सोयाबीनच्या ट्रॉल्या त्याच्यापुढे उभ्या राहू लागल्या. कुणीतरी खांबाला बकरी बांधायला लागलं.

दिवाळी झाली आणि काका एकाएकी त्या यंत्राच्या मागे लागले. आधी बकरी हलवली. मग ट्रॉलीवाल्यांशी रोज हुज्जत घालून जागा मोकळी केली. मग कंपनीला फोन. पण फोनवरची बाई गाडीचा नंबर विचारायची; नंबराशिवाय तक्रार घेता येत नव्हती. काकांनी आपल्या जुन्या एसटीचा नंबर सांगून पाहिला. तोही चालला नाही.

तेव्हा त्यांनी यंत्राशेजारी खुर्ची टाकली. इलेक्ट्रिक गाडीची हिरवी नंबरप्लेट दिसली की रस्त्यात उतरून हात आडवा. मालकाला यंत्राशी नेत, वायर लावायला लावत, काहीच होत नाही हे त्याच्या तोंडून वदवून घेत आणि तिथल्या तिथे तक्रार करायला लावत. आपल्याला चार्जिंग नकोच आहे म्हणणाराही सुटत नसे. केळझरच्या गणपतीला निघालेलं एक कुटुंब त्यांनी असंच अडवलं, तर मागे बसलेल्या आजी टोलनाका समजून पाकीट उघडायला लागल्या.

एकदा मी म्हटलं, काका, गाडी नाही ना घोडा नाही, तुम्हाला याचं काय पडलंय?

"काऊन? कंडक्टर काय सोतासाठी तिकिटा फाडते?"

एवढं बोलून ते पुन्हा रस्त्यात उतरले.

उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनी बहुधा तक्रारींना कंटाळली. मेकॅनिक आला. तो यंत्र खोलून बसला होता तोवर काका त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे होते. अखेर हिरवा दिवा लागला. काकांनी तिथूनच सुषमाला फोन लावला.

"मशीन चालू झाली, बाई. आता येजो."

घरी परतताना त्यांनी मला सांगितलं. दिवाळीला ती आली नव्हती. तिच्या घरी नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलेली. आर्वीला आलो तर परत कसं जाऊ, तिथं चार्जिंग कुठाय, असं म्हणाली होती.

"खरंच होतं तिचं," काका म्हणाले. "लेकरू अडकलं असतं ना."

रविवारी ती आली. काका सकाळपासून जागा राखून उभे, इस्त्रीचा शर्ट घामानं भिजलेला. गाडी थांबताच ते वायर घ्यायला धावले. मी सुषमाशी बोलायला दाराशी गेलो आणि नजर सहज गाडीतल्या पडद्यावर पडली. बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. नागपूर आरामात गाठता आलं असतं. दिवाळीलाही आलं असतं.

मी पाहिलं, हे सुषमानं पाहिलं. तिनं पडदा बंद केला. मग वायर हातात धरून उभ्या असलेल्या बापाकडे ती बघत राहिली. उतरली, त्यांच्या हातून वायर घेतली आणि गाडीला लावली.

"किती टाइम लागन, माय?" काकांनी विचारलं.

"लय टाइम लागते बाबा," ती म्हणाली. "आज मुक्कामच करतो."