अमेरिकेच्या इतिहासातला वाघ

एका जंगलात, जिथल्या सर्वांत उंच झाडावरूनही अमेरिका दिसत नाही अशा एका जंगलात, एक पुरस्कार जाहीर झाला. पिल्लांसाठी अमेरिकेचा खराखुरा इतिहास लिहील त्याला सोन्याचं पदक.

अमेरिकाच का, असं विचारताय? अहो बाळांनो, आपल्या जंगलाचा इतिहास काढला तर कोणी कोणाला खाल्लं ते निघणार. आणि खाणारे तर परीक्षक मंडळावर होते.

साळू नावाच्या साळिंदरीने पुस्तक लिहिलं. प्रत्येक ओळ तपासून लिहिली. तिचा जीव होता शेवटच्या प्रकरणात. त्यात अमेरिकेतले गवे होते, केसाळ, माळरान भरून जाईल एवढे. माणसांनी बंदुका घेऊन ते मारले आणि न खाता तसेच टाकले. मारता मारता मूठभर उरले. हे पिल्लांना कळावं, एवढ्यासाठीच तिने सगळं पुस्तक लिहिलं होतं.

परीक्षक बसले.

"यात वाघ कुठेय?" वाघोबांनी विचारलं.

"महाराज, अमेरिकेत वाघ नव्हते."

"नव्हते? मग कोणी बोलावलंच नसेल!"

साळूला शेवटचं प्रकरण वाचवायचं होतं. अमेरिका शोधायला निघालेल्या जहाजावर तिने एक वाघ चढवला.

माकडराव चहाच्या पेट्यांपाशी अडले. "इंग्रजांवरच्या रागाने बंदरात एवढा चहा पाण्यात फेकला, आणि फेकाफेकीला एकही माकड नाही? हा अपमान आहे, साळूबाई."

साळूने चार माकडं घातली.

"मी काही मागत नाही हं," हत्ती म्हणाला. "पण देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष घोड्यावर? बरं दिसतं का ते?"

राष्ट्राध्यक्ष हत्तीवर बसले.

मग शेवटचं प्रकरण आलं. वाघोबा पोट धरधरून हसले.

"एवढे गवे मारले आणि खाल्ले नाहीत? भूक नसताना मारतं का कोणी? काहीतरीच तुमचं!"

मंडळाचं एकमत झालं. बाकीचं पुस्तक खरं, हे प्रकरण तेवढं कल्पित. कल्पित कथांचा पुरस्कार वेगळा होता. प्रकरण फाडून तिकडे पाठवलं. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

समारंभ दणक्यात झाला. सत्यलेखनाचं पदक साळूच्या गळ्यात पडलं. पुस्तक काचेच्या कपाटात गेलं आणि कुलूप लागलं. गव्यांची गोष्ट मात्र करमणूक म्हणून मोठ्याने वाचली. सगळे मनसोक्त रडले.

गव्याचं एक वासरू पुढे आलं. "साळूमावशी, ते गवे खरंच मेले नाहीत ना गं?"

साळूला खोटं बोलवेना. "मेले रे राजा," ती हळूच म्हणाली. "खरंच मेले."

"वा!" वाघोबा ओरडले. "बाई अजून गोष्टीतच आहेत!"

सगळं जंगल टाळ्या पिटत उभं राहिलं. वासरूही डोळे पुसून खुदकन हसलं.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं तेच लिहावं. आपल्या कल्पनाशक्तीचं फार कौतुक होतं.