ताराक्काची मोजणी

गेल्या हिवाळ्यातल्या मोजणीत आमच्या शेजारची ताराक्का सुतार ओढ्यातलं जलचर म्हणून धरली गेली.

मोजणी दर महिन्याला होते. जिल्ह्याहून पांढरपट्टे साहेब येतात. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खांद्यावर लांब दांड्याचं जाळं. आधी पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग बघतात आणि मान हलवतात. मग दगड उलटे करून खालचे किडे बघतात. शेवटी जाळं टाकतात. जाळ्यात एक तरी जिवंत जीव आला, तर तो ओढा. नाही आला, तर तो नाला. नाला झाला की वरच्या अंगाच्या कारखान्याला त्यात दिवसभर मळीचं पाणी सोडायची परवानगी मिळते. ओढा आहे तोवर त्यांना ते दिवेलागणीला चोरून सोडावं लागतं. खालच्या वाडीच्या सगळ्या विहिरी या ओढ्याच्या पाझरावर आहेत, म्हणून गावाला ओढाच पाहिजे.

त्या दिवशी मासा नाही, खेकडा नाही, दगडाखाली एक किडा नाही. त्याच्या आधी सरपंच बाबासो चौगल्यांनी बाजारातनं जिवंत मासे आणून सोडले होते, पण ते तासाभरात पालथे झाले. शिवाय साहेबांनी सांगितलं होतं, डोळ्यांदेखत सोडलेला जीव धरत नाही. ताराक्का मधल्या खडकापाशी गुडघाभर पाण्यात उभी राहून वाकळ धूत होती. मी काठावर भांडी घासत होते. खरं म्हणजे घासून झाली होती, पण साहेब आलेत तर काय होतंय बघावं म्हणून थांबले. साहेबांनी शेवटचं जाळं ओढलं आणि त्यात ताराक्काचा डावा पाय आला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"पाय हाय माझा. सोडा की."

"जिवंत आहे?"

"न्हाई, मेल्यावर धुणं धुतोय आमी!"

साहेबांनी पायावर बोट दाबून बघितलं. वाकून बराच वेळ विचार केला. मग त्यांनी खिशातनं पितळी बिल्ला काढून तिच्या घोट्याला अडकवला आणि बाबासोंना म्हणाले, "अभिनंदन. ओढा आहे तुमचा."

बाबासोंनी तिथंच ताराक्काला नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ताराक्का लाजली, वाकळ पिळली आणि काठावर चढायला लागली. तेव्हा साहेबांनी जाळ्याचा दांडा तिच्यापुढं आडवा धरला.

"बिल्ला लावलेलं जलचर पाण्याबाहेर काढता येत नाही," ते म्हणाले.

"काढतंय कोण? माझी मीच निघालोय."

"त्याला स्थलांतर म्हणतात. ते झालं तर ओढा रिकामा धरावा लागेल."

ताराक्कानं एकदा खालच्या वाडीकडं बघितलं. मग वाकळ माझ्याकडं फेकली आणि म्हणाली, "मालू, वाळत घाल गं. आन् चुलीवर आमटी हाय, ती उतर."

तेव्हापासून ती ओढ्यातच आहे.

तिचे मालक आनंदा भावजी सुतारकी करतात. त्यांनी बाभळीचा जाड पाट करून खडकाशेजारी पाण्यात ठेवला, म्हणजे तिला बसता येईल. पुढच्या मोजणीला साहेबांनी पाट हलवून बघितला आणि म्हणाले, जलचराला आसरा म्हणून चालेल, फक्त वार्निश लावू नका. भाकरी मात्र त्यांना चालली नाही. बाहेरचं खाणं घातलं की जलचराची सवय बिघडते, म्हणाले. मी हो म्हटलं आणि ते गेल्यावर भाकरी दिली. शेजारधर्म काही मोजणीत येत नाही.

दिवेलागणीला वरनं काळं पाणी यायचं. ताराक्का पाटावर उभी राहायची, पण ते मांड्यांपर्यंत चढायचंच. पायांवर आधी पुरळ उठलं, मग चट्टे, मग चट्ट्यांतनं पाणी यायला लागलं. मी तिला खोबरेल द्यायची. साहेब आले की पट्टी बुडवायच्या आधी तिचे चट्टे बघायचे. "पट्टीपेक्षा बरोबर सांगतात हे," असं एकदा मला कौतुकानं म्हणाले.

"अवो, पण दुखतंय तिला," मी म्हटलं.

"दुखणारच. म्हणून तर कळतं."

हे सगळं तिनं सोसलं असतं. तिचा जीव अडकला होता तो स्वप्नालीत, म्हणजे तिच्या लेकीत. स्वप्नाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण आईच्या हातचंच व्हावं, एवढी एकच हौस मायलेकींची. लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. ताराक्कानं डिंक, अळीव, सगळं डब्यात भरून ठेवलेलं मला माहीत होतं. डबे मी बघितले होते.

आनंदा भावजींनी साहेबांकडं सव्वा महिन्याची रजा मागितली.

"रजा माणसाला असते," साहेब म्हणाले.

"माणूसच हाय की ती! माझी बायको हाय."

"ते नातं जमिनीवरचं झालं. मी पाण्यापुरता आहे."

"मग दुसऱ्या कुणाला तरी हुबं करतो तिच्या जागी. मी ऱ्हातो."

"बिल्ला तिला आहे."

ताराक्का पाटावरनं ओरडली, "सायेब, मलाबी कुणी इचारंल काय?"

साहेबांनी तिच्याकडं बघितलं नाही. "ती बोलते यात गैर काही नाही," ते आनंदा भावजींना म्हणाले, "पण बोलण्याला माझ्याकडं रकाना नाही."

तेव्हा दवाखान्यात स्वप्नालीसोबत मी गेले. मुलगी झाली. शेक मी दिला, तेल मी लावलं. मी पाठ चोळायला लागले की स्वप्नाली भिंतीकडं तोंड करायची. दिवसातनं कितीदा तरी मी परसातनं ओढ्याकडं जायची आणि ताराक्का विचारायची, "अंगावर पितीय न्हवं? टाळू भरली काय? नाक कुणाचं हाय?" नाक तिचंच होतं. मी सांगितलं, तर म्हणाली, "खोटं बोलतीस," आणि पाण्यात तोंड बघायला वाकली. पाणी काळं होतं.

आमच्याकडं सव्वा महिना होईतो बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. त्यानंतर बाळंतीण पाणवठ्यावर जाऊन पाणी पुजते. हळदकुंकू वाहते, खडे मांडून त्यांना नैवेद्य दाखवते, आणि बाळाचे पाय पाण्याला लावते. हल्ली पुष्कळ जणी दारातला नळच पुजतात. पण आनंदा भावजी म्हणाले, "आजी ओढ्यात आन् आमी नळ पुजायचा व्हय?"

म्हणून आम्ही ओढ्यावर गेलो. मोजणीचा दिवस तोच होता, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ताराक्कानं सकाळपासून केस विंचरून ठेवले होते. स्वप्नालीनं पूजा केली, काठावरनं वाकून बाळाचे पाय पाण्याला लावायला गेली, तर ताराक्कानं दोन्ही हात पुढं केले. हात पोचेनात. "तिथंच थांब, आई," म्हणत स्वप्नाली साडी वर धरून पाण्यात उतरली आणि खडकापर्यंत गेली. ताराक्कानं नात घेतली. तोंडाजवळ नेली. "नाक माझंच की गं," म्हणाली, आणि तिला खाली घेऊन इवल्या टाचा पाण्यात बुडवल्या.

तेवढ्यात खालच्या वळणावरनं साहेब जाळं ओढत वर आले. जाळ्यात स्वप्नालीचा पाय आला आणि बाळाच्या दोन्ही टाचा आल्या.

साहेब जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"प्रजनन," ते म्हणाले. "माझ्या सगळ्या नोकरीत या ओढ्यात पहिल्यांदा."

स्वप्नालीला बिल्ला लागला. पिलाला वर्षभर लावत नाहीत, पायाची वाढ खुंटते, असं साहेबांनीच प्रेमानं समजावून सांगितलं. बाबासो दोन नारळ घेऊन आले. पाण्याची प्रत एक पायरी वर गेली. आता ओढ्याची तब्येत सुधारली, थोडं जास्त सोसू शकतो, म्हणून कारखान्याला दुपारचंही मळीचं पाणी सोडायची परवानगी मिळाली.

आनंदा भावजी चपला काढून पाण्यात उतरायला लागले. साहेबांनी हात वर केला.

"मी बघितलं. सोडलेला जीव धरत नाही."

भावजी एक पाय पाण्यात, एक काठावर असे थोडा वेळ उभे राहिले. मग काठावर बसले. आता ते तिथंच बसून दुसरा पाट तासत असतात.

त्याच दिवशी दुपारी वरनं काळं पाणी आलं. ताराक्कानं नातीला डोक्यावर धरलं.

"तोंड मीट," ती स्वप्नालीला म्हणाली. "डोळंबी. मी सांगीन तवा उघड."

पाणी मांड्यांवर चढलं, थांबलं, हळूहळू उतरलं. मग ताराक्कानं स्वप्नालीला पाटावर पाठमोरी बसवलं, बाळ माझ्याकडं न देता तिच्याच मांडीवर ठेवलं, आणि माझ्याकडनं तेलाची वाटी मागून घेतली.

"मालूनं चोळली ती वरवर," ती म्हणाली. "सरळ बस."

स्वप्नाली सरळ बसली.