राखीव नमुना

आमच्या प्रतापनगरातल्या इमारतीत मुलांचा दुधाचा दात पडला की तो उंदराला देत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या भोयरकाकांकडे जमा करतात. काका दात उजेडात धरून निरखतात आणि म्हणतात, "काहून रडून राहिली वं? फॉस्फेट आहे हे. वाया नाही जात."

मग दात तव्यावर भाजतात, खलबत्त्यात कुटतात आणि मुलाच्या देखत मिरचीच्या कुंडीत मिसळतात. त्या कुंडीतली पहिली मिरची दाताच्या मालकाची. तिखट लागली तरी थुंकायची सोय नाही. "तुझाच दात आहे गा, चाव!"

भोयरकाका माती परीक्षण प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्तीनंतर फक्त प्रयोगशाळा सुटली. दर सोमवारी सकाळी ते दारोदार फिरून रविवारच्या मटणाची हाडं मागतात. स्वतः अंडंही खात नाहीत. समोरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या ना. हे मातीत गेलं तर मूळ धरते, फूल धरते. नालीत गेलं तर काय धरते? डास!"

रविवारी त्यांच्या गॅलरीत मुलांचा वर्ग भरतो. "शेतातून धानाचं पोतं निघते, तवा फॉस्फेटही त्याच्या संगं निघून जाते. तुमच्या ताटात येते, हाडात जाते. मातीले परत कोण देईन?"

"काका, झाडाले हाडं असते?"

"नसते. म्हणून तर तुमच्याकडून मागते!"

गॅलरीतल्या फळीवर पत्र्याची एक छोटी डबी असते. चिठ्ठीवर लिहिलेलं आहे : राखीव नमुना. हात लावू नये. प्रयोगशाळेत तपासणीला आलेल्या मातीतली थोडी बाजूला काढून ठेवत, तसंच काही असावं, असा आमचा समज होता.

यंदा शाळेच्या प्रदर्शनासाठी काकांनी मुलांकडून मिरचीच्या सहा कुंड्या लावून घेतल्या. माती, पाणी, ऊन सारखं. पाच कुंड्यांत हाडांची पूड, सहावीत काही नाही. सहावीचं नाव 'उपाशी'. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा उपाशी कुंडी चौथीतल्या रेवाच्या वाट्याला आली. ती दोन दिवस काकांशी बोलली नाही.

"सगळ्यात मोठं काम तुझ्या रोपाचं आहे वं," काकांनी समजावलं. "ते खुरटलं नाही, तर बाकीच्यांले काय भेटलं हे कोणाले समजन? फक्त त्याले काही खाऊ घालू नको."

रेवाने मान हलवली. पाच रोपांना कळ्या आल्या. तिचं वीतभरही झालं नाही. पानं काळपट जांभळी पडली.

प्रदर्शनात परीक्षकांना मुळं दाखवायची होती. रेवाने कुंडी उपडी केली. मातीच्या ढेकळातून एक दाढ टेबलावर पडली.

काकांनी दाढेकडे पाहिलं, मग रेवाकडे.

"ही तुझी?" परीक्षकांनी विचारलं. "म्हणजे तुमचा प्रयोग बिघडला."

"नाही सर," रेवा म्हणाली. "भाजून कुटली असती तर बिघडला असता. मी अख्खी टाकली. अख्खी विरघळायले लय वर्षं लागते. रोप अजून उपाशीच आहे. पानं पाहा ना."

परीक्षकांनी पानं पाहिली, मुळं पाहिली. "मग टाकलीच कशाला?"

"त्याले पुढं कधी कामी येईन म्हणून."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. भोयरकाका दोन पावलं पुढे आले आणि न विचारताच म्हणाले, "आमच्या लॅबची आहे ही पोरगी."

परतताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं. रिक्षावाल्यालाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. रेवा दाढ घेऊन आली. "काका, ही कुटायची राहिली."

काकांनी दाढ धुतली, पुसली. खलबत्ता मात्र काढला नाही. फळीवरची डबी काढून त्यांनी झाकण उघडलं. आत कापसावर पिवळट पडलेले इवलेसे दात होते.

"मीनूचे," काका म्हणाले. मीनू त्यांची मुलगी. बंगळुरूला असते; फोन येतो, ती क्वचित येते.

रेवाने दात मोजले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, एवढं फॉस्फेट वाया घालवून राहिले तुम्ही?"

"थोडा नमुना राखून ठेवा लागते वं," काका म्हणाले. त्यांनी रेवाची दाढ त्या दातांशेजारी ठेवली, झाकण लावलं आणि पेन मागितलं.

डबीवरच्या चिठ्ठीवर आता दोन नावंही आहेत.