डॉक्टर आत जाऊन काय बघतात?

"एकदा पेशंटच्या तोंडात हात घातला, की काम फत्ते झाल्याशिवाय मी स्टुलावरून उठत नाही!"

हे दातांच्या डॉक्टरांचं लाडकं वाक्य. बावीस वर्षांत त्यांनी ते इतक्यांदा ऐकवलं होतं, की दवाखान्यात मदतीला असलेल्या मावशी त्यांच्या मागे उभ्या राहून नुसते ओठ हलवत ते बरोबरीने म्हणायच्या. आणि वाक्य खोटंही नव्हतं. डॉक्टर एकदा बसले की बसले! फोन वाजो, वीज जावो, एकदा तर शेजारच्या दुकानात आग लागली होती, तरी डॉक्टर अक्कलदाढ हातात घेऊनच उठले.

पण गेले दोन महिने काहीतरी बिनसलं होतं. पंधरा मिनिटं झाली की डॉक्टर स्टुलावर चुळबुळ करू लागत. मग हातमोजे काढत, "आलोच हं, तोंड असंच ठेवा," म्हणत आणि आतल्या खोलीत पसार होत. परत येत, अर्धी बाटली पाणी घटाघटा पीत, नवे मोजे चढवत. पुन्हा पंधरा मिनिटांनी "आलोच हं!" मोज्यांचा खोका पूर्वी आठवडाभर पुरायचा, तो आता दोन दिवसांत तळ गाठायला लागला.

"एकदा तपासून घ्या," बायको म्हणाली. "रात्रीसुद्धा तीनतीनदा उठता."

"मला काय सांगतेस? मी डॉक्टर आहे!"

"दातांचे!" बायको म्हणाली आणि पोळपाट धुवायला निघून गेली.

डॉक्टरांनी स्वतःच निदान केलं. दोष त्यांचा नव्हताच मुळी! खुर्चीशेजारी चूळ भरायचं जे भांडं असतं, त्यात दिवसभर पाण्याची बारीक धार चालू असते. झुळझुळ, झुळझुळ! आठ तास कानाशी ती धार ऐकल्यावर कुणाला लागणार नाही? त्यांनी तडक खुर्चीच्या मेकॅनिकला बोलावलं आणि ती धारच बंद करून टाकली. पेशंटच्या हातात प्लास्टिकचा मग आला. वर, उरलेसुरले आवाज दबावेत म्हणून डॉक्टरांनी रेडिओ मोठ्याने लावला.

धार बंद झाली. डॉक्टरांचं उठणं काही बंद होईना! फरक एवढाच, की आता ते गाण्याच्या तालावर जायचे.

खरा घोटाळा झाला तो खोलीच्या रचनेमुळे. टॉयलेटचं दार होतं आतल्या खोलीत, आणि त्याच खोलीत दाराला लागूनच डॉक्टरांच्या जाडजूड पुस्तकांचं कपाट. बाहेर बाकावर बसलेल्यांना दाराच्या फटीतून कपाट तेवढं दिसे. पोस्टातल्या एक बाई होत्या, दाढेच्या कामासाठी चार खेपा झालेल्या. त्यांनी एके दिवशी शेजारणीच्या कानात पुटपुटायला सुरुवात केली. पुटपुटणं कसलं, रेडिओच्या वरताण बोलावं लागत होतं, त्यामुळे अख्ख्या बाकाने ऐकलं.

"डॉक्टर आत जाऊन पुस्तकात बघून येतात! पुढचं आठवत नाही त्यांना!"

"काय सांगता!"

"माझ्या एका दाढेला तीनदा बघून आले!"

मावशींना हे सहन होईना. त्या तरातरा बाहेर आल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "उगाच काहीतरी बोलू नका! बावीस वर्षांत त्यांनी त्या पुस्तकांना हात लावलेला नाही. मीच पुसते ती!"

झालं! त्या आठवड्यात सहा जणांनी फोन करून दाढ आपोआप बरी झाल्याचं कळवलं. डॉक्टर हादरले. हात तोच, अवजारं तीच आणि बाक मात्र ओस पडत चाललेला! त्यांनी मनाशी ठरवलं, आता येईल त्या पेशंटचं काम एकदाही न उठता पूर्ण करून दाखवायचं. त्याच दिवशी आले लॅबवाले काका.

काका नुकतेच निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त आणि लघवी तपासण्यात घालवली होती. वरच्या दाढेचं रूट कॅनाल करायचं होतं. डॉक्टरांनी भूल दिली, दाढेला चिमटा लावला, तोंडावर रबराचा पडदा ताणला, त्याच्या कडेने चौकट बसवली. काकांचा चेहरा आता कपडे वाळत घातलेल्या खिडकीसारखा दिसत होता. बोलणं शक्यच नव्हतं, पण डोळे उघडे होते. आणि ते डोळे म्हणजे मायक्रोस्कोपला चिकटून तयार झालेले डोळे!

दहाव्या मिनिटाला डॉक्टर घामाघूम. बाराव्या मिनिटाला एका पायावर. पंधराव्या मिनिटाला "आलोच हं!"

चाळीस मिनिटांत डॉक्टर तीनदा गेले, दीड बाटली पाणी प्यायले. काकांनी सगळं मोजलं. तिसऱ्या खेपेला डॉक्टर परत येऊन बसताच काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"ऑक्कअ! आअअ अपाआ!"

"दुखतंय?" डॉक्टर म्हणाले.

काकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. "आअअ! आअअ अपाआ!"

"नजर तपासा?" डॉक्टरांचा आवाज चढला. "माझी नजर? अहो, सुईच्या नेढ्यातून सुई ओवीन मी!"

"तसं नाही हो," मावशी मध्ये पडल्या. "ते 'जरा थांबा' म्हणतायत."

काकांनी कपाळावर हात मारला, तो नेमका चौकटीवर बसला. मग त्यांनी हवेत बोटाने लिहिल्यासारखं केलं. मावशींनी पेन दिलं. काकांनी पडल्या पडल्या गळ्याखालच्या कागदी रुमालावर गिरगटलं. मावशींनी रुमाल ओढून घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि एकच शब्द त्यांना लागला: लघवी.

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं!"

आणि काकांना काही कळायच्या आत मावशींनी त्यांना काखेत हात घालून उठवलं. काका "आंही! आंही!" करत होते. "होतं असं, लाजायचं काय त्यात!" म्हणत मावशींनी त्यांना पुढे घातलं. आतल्या टॉयलेटमध्ये नेमकी डॉक्टरांची चौथी खेप चालू झाली होती. त्यामुळे मावशींनी काकांना बाहेरच्या बाजूला, म्हणजे बाकावरच्या मंडळींच्या समोरून, जिन्याखालच्या टॉयलेटकडे नेलं.

बाकावर उरलेसुरले तिघं बसले होते, त्यात दाढ अर्धवट राहिलेल्या पोस्टातल्या बाईही होत्या. त्यांनी पाहिलं, ते असं: तोंडावर रबर ताणलेला, चौकट बसवलेला, लाळ गाळणारा एक गृहस्थ हातवारे करत ओरडतो आहे आणि मावशी त्याला ओढत बाहेर नेत आहेत!

"पुस्तकात बघूनसुद्धा नाही जमलं वाटतं!" पोस्टातल्या बाई किंचाळल्या. पुढच्याच क्षणी बाक रिकामा. एका माणसाची तर एक चप्पल मागेच राहिली.

काकांनी जिन्याखाली मावशींचा हात झटकला, ताडताड परत आले, खुर्चीत बसले आणि रबराकडे बोट दाखवून एव्हाना परत आलेल्या डॉक्टरांकडे असं पाहिलं, की डॉक्टरांनी मुकाट्याने चौकट, पडदा, चिमटा सगळं उतरवलं. ओठ अजून बधीर होता, पण शब्द सुटे झाले.

"लघवी मला नाही हो, तुम्हाला! साखर तपासा! तुमची! पाऊण तासात चारदा गेलात आणि वर उंटासारखं पाणी पिताय!"

डॉक्टर हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले. "साखर? मला? अहो, मी लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगतो! स्वतः चमचाभरसुद्धा साखर चहात घालत नाही!"

"तुमच्या चहाची नाही, रक्ताची तपासा म्हणतोय. कदाचित काही निघणारही नाही, या लक्षणाला दुसरी पन्नास कारणं असतात. पण बघितल्याशिवाय कळायचं कसं?"

डॉक्टरांनी रेडिओ बंद केला. त्यांच्या वडिलांना साखर होती. पायाला एवढीशी जखम झाली आणि ती वर्षभर भरली नाही. ड्रेसिंग डॉक्टरच करायचे, तेव्हा ते कॉलेजात होते. दोन महिने हा विचार दाराशी येऊन उभा राहत होता आणि ते त्याला खुर्चीचं पाणी, थंड हवा, चहा असं काहीबाही सांगून परत पाठवत होते.

"भीती वाटते हो," ते हळूच म्हणाले.

"मोठमोठ्यांना वाटते," काका म्हणाले. "माझ्यासमोर पैलवान चक्कर येऊन पडलेत, टोचायच्या आधीच! लवकर कळलं तर आटोक्यात राहतं. चला, मी येतो बरोबर. पण आधी माझी दाढ बंद करा, वारा लागतोय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर उपाशीपोटी, बायको आणि काकांना घेऊन, काकांच्या जुन्या प्रयोगशाळेत जाऊन बसले. बावीस वर्षं इतरांच्या हिरड्यांत सुया खुपसणारा हा माणूस सुई बघताच डोळे मिटून बायकोचा हात शोधत होता. बायकोने हात दिला, आणि "मी म्हटलं होतं" हे चार-पाचदाच म्हटलं.

रिपोर्ट आला. साखर होती. भरपूर होती, पण हाताबाहेर गेलेली नव्हती. मधुमेहाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, रोज चालायला लावलं. काकांनी चालायची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि ते रोज सकाळी दारात येऊन डॉक्टरांच्या नावाने हाका मारू लागले. सगळी गल्ली जागी व्हायची, त्यामुळे डॉक्टरांना जाण्यावाचून गत्यंतर नसे.

मावशींनी खरी गोष्ट स्वतःहून सगळीकडे सांगितली. गेलेले पेशंट हळूहळू परतले. काहींनी तर, आपणही सारखे उठतो, म्हणून जाऊन साखर तपासून घेतली. तीन महिन्यांनी डॉक्टरांचे आकडे उतरले, तहान उतरली, मोज्यांचा खोका पुन्हा आठवडाभर पुरू लागला. डॉक्टर कसे खूश! त्या आनंदात त्यांनी पोस्टातल्या बाईंच्या दाढेचं उरलेलं काम एका बैठकीत, सलग सव्वा तास, जागचं न हलता पूर्ण केलं.

बाई बाहेर आल्या. दोन्ही हातांनी जबडा धरून त्या बाकावर बसल्या. डॉक्टर आतून कान देऊन ऐकत होते. आता कौतुक येणार!

"डॉक्टरांना बरं वाटलं, चांगलंच झालं हो," बाई मावशींना म्हणाल्या, "पण सव्वा तास आ वासून! पूर्वी निदान दर पंधरा मिनिटांनी तोंड मिटायला तरी मिळायचं!"