विमान जागच्या जागीच होतं

"विमान उडवून दाखवा," असं हवालदार म्हणाले तेव्हा खरं तर कैलासला धडकी भरायला हवी होती. त्याला आनंद झाला. कुरवंड्यात आपण होऊन त्याचं विमान बघायला आलेला हा पहिलाच माणूस. आता तो तक्रार घेऊन आला होता, हे सोडून द्या.

तक्रार अशी की, पठारावर एक इसम खेळातलं विमान नियमापेक्षा उंच उडवतो. नियम सरकारी होता. जमिनीपासून चारशे फूट, त्याच्या वर नाही. जास्त भरलं तर विमान ठाण्यात जमा. ठाण्यात जमा झालेल्या वस्तूचं पुढं काय होतं ते कैलासला माहीत होतं. त्याच्या मेहुण्याची मोटारसायकल तिथल्या आवारात उभी होती आणि तिच्या चाकातून आता घाणेरीचं झुडूप वर आलं होतं.

आंबीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दोन पावसाळे ओटीवर बसून, थर्माकोल आणि हलक्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवत त्यानं हे विमान केलं होतं. आधीची दोन करवंदीच्या जाळीत गेली. हे ठाण्यात गेलं, तर चौथं करायची उमेद त्याच्यात नव्हती.

"तक्रार कुणी केली, साहेब?"

"नाव सांगता येत नाही. बाईमाणूस होतं, एवढंच."

"बंगलेवाली!" कैलास आत बघून म्हणाला. "ऐकलंस का नंदा? पुण्याहून येणार, दोन दिस राहणार, आन् आमच्या आभाळाला नियम लावणार!"

आत त्याची बायको भाकऱ्या करत होती. थापून झालेली भाकरी तिनं पुन्हा थापली.

प्रदीप हवालदार मंगळवेढ्याकडचे, नुकतेच लोणावळ्याला बदलून आलेले. आधी मोजमाप आणि मग कारवाई, असा त्यांचा सरळ हिशेब. पण कुरवंड्यात उंची मोजणारं कुणी नव्हतं. खोली मोजणारे होते. धोंडिबा आबांनी गावच्या निम्म्या विहिरी खोदल्या होत्या. खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून आबा निघाले, आणि वरात कड्याकडच्या पठारावर पोचली. थोडं अंतर ठेवून, हात पदराला पुसत नंदाही मागून आली.

कैलासनं विमान हातानं फेकलं. ते घुर्र करत निघालं आणि डोक्यावर सुरेख गिरक्या घेऊ लागलं.

"मोबाइलच्या टॉवरएवढं बी न्हाई," आबा म्हणाले.

"हे तर नियमात आहे," हवालदार म्हणाले. त्यांना जरा वाईटच वाटलं असावं. एवढी चढण चढून आले होते. "करतो मग पंचनामा. उंची किरकोळ."

तेवढ्यात वाऱ्यानं विमान पुढं नेलं. वरही नाही, खालीही नाही. नाकासमोर सरळ. आणि कडा संपला.

हवालदार कड्याच्या जरा अलीकडे थांबले आणि मान लांब करून त्यांनी खाली पाहिलं. खाली पार तळाला कोकण होतं. घरं काडेपेटीएवढी दिसत होती.

"हे... हे किती खोल असेल?"

"हजार-बाराशे फूट धरा की," आबा म्हणाले.

"म्हणजे विमान आत्ता हजार फुटांवर आहे?"

"अवो साहेब, ते वर गेलंच नाही! होतं तिथंच आहे. जमीन खाली गेली!" कैलास म्हणाला.

हवालदारांनी विमानाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, परत विमानाकडे पाहिलं. "आमच्याकडं जमीन एका जागेवर असते," ते पुटपुटले आणि त्यांनी ठाण्यात फोन लावला.

"साहेब, उंची वाढलीय... नाही, विमान वर गेलं नाही... नाही, खाली पण आलं नाही... साहेब, मी काही घेतलेलं नाही." मग बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब" चाललं. शेवटी त्यांनी घाम पुसला. "साहेब म्हणतात, मोजून सांगा. आणि खाली रायगड जिल्हा लागत असेल तर ती हद्द आपली नाही."

"म्हंजी हितं कायदेशीर, आन् तितं बेकायदेशीर?" आबांनी विचारलं.

"तिथं बेकायदेशीर, पण तिथल्यांनी पकडायचं."

"त्यास्नी वर यावं लागंल," आबा म्हणाले. मग पालथे पडून त्यांनी दोराला दगड बांधला आणि कड्यावरून सोडायला सुरुवात केली. विहिरीची खोली ते परसात मोजत, म्हणजे मनात एकावर एक माणूस उभा करत जायचं. "एक परस... दोन परस..." दोर भराभर संपला. दगड नुसता झोके घेत राहिला.

"काय झालं, आबा?"

"हिरीला तळ आस्तो, साहेब. हिला कोकण हाय."

इकडे कैलासच्या हातातला रिमोट टुंईटुंई करू लागला. बॅटरी संपत आली होती. विमान माघारी वळवावं तर कोकणातून उसळून येणारा वारा ते परत बाहेर ढकलत होता. कैलासची नजर विमानावर खिळली होती. ते जरा पुढं सरकलं, तोही सरकला. आणखी पुढं गेलं, हाही गेला.

"अवो!" नंदा ओरडली. धावत येऊन तिनं मागून त्याची कॉलर अशी पकडली की त्याच्या सदऱ्याची वरची दोन बटणं कोकणात गेली.

कैलासनं पायाखाली पाहिलं. पाऊलभर पुढं जमीन नव्हती.

"विमानाकडं बघा!" ती म्हणाली. "पाय मी बघते."

आणि तशा अवस्थेत, बायकोच्या मुठीत कॉलर, गळ्याला फास, त्यानं विमान वळवलं. ते गवतावर धाडकन उतरलं. एक चाक तेवढं घरंगळत आबांपाशी गेलं.

नंदानं कॉलर सोडली नाही. "तक्रार मीच केली," ती म्हणाली.

"तू?"

"मी आदी ठाण्यात इचारलं, माणूस असा वर बघत कड्याला जातो, त्याला काय नियम हाय का? न्हाई म्हणले. विमानाला हाय म्हणले. मग मी विमानाची दिली."

कैलासला बोलता येईना. गळ्याचा फास हे त्याचं एक कारण होतं.

हवालदारांनी डायरी उघडली, मिटली, परत उघडली. गुन्हा कुणावर नोंदवायचा? विमान जागचं हललं नव्हतं. जमीन सापडत नव्हती. तेवढ्यात आबांनी दोर वर ओढून घेतला आणि त्याचं एक टोक गुमान हिरड्याच्या बुंध्याला बांधलं. दुसरं टोक कैलासच्या कमरेला. गाठ बैलाची होती.

फोन वाजला.

"हो साहेब. बांधून ठेवलंय... नाही, विमान नाही. मालक."

पुढच्या रविवारी नवं चाक लावून विमान परत उडालं. कड्यापासून चांगल्या अंतरावर कैलास दाव्याला उभा होता. दोराचा मधला भाग नंदाच्या हातात होता. झाडावर तिचा तेवढा भरवसा नव्हता. दुसरा हात कपाळाला लावून ती वर बघत होती.

"अवो," ती हळूच म्हणाली, "अजून जरा वर जाऊ द्या की. लय ब्येस दिसतंय."

कैलासनं घाबरून मागं पाहिलं. नियमाची खात्री करायला प्रदीप हवालदार स्वतः आले होते. पण त्यांचं आभाळाकडे लक्षच नव्हतं. ते सगळा वेळ खाली मान घालून जमिनीवर नजर ठेवून होते. परत कुठं निघून जाईल, तिचा काही नेम नव्हता.